कयाकवरून मासेमारीला निघण्याआधी वाऱ्याचा अंदाज कसा जोखायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला पाण्याच्या काठावर विचारले जातात. विचारणाऱ्याच्या एका हातात फोन असतो, दुसऱ्यात पॅडल, आणि फोनवरच्या हवामान ॲपमध्ये हिरवा रंग, म्हणजे कमी वारा, दिसतोय म्हणून निम्मा निर्णय आधीच झालेला असतो. उत्तरं कयाकवर, म्हणजे वल्हवायच्या छोट्या अरुंद होडीवर, बसून गळ टाकणाऱ्यांसाठी आहेत. शिडाच्या होड्यांची आणि मोठ्या बोटींची गणितं वेगळी.

किती वारा असला की जायचं नाही? एकच आकडा सांगा.

सांगतो, पण तो माझा आकडा आहे हे लक्षात ठेवा. उघड्या पाण्यावर वारा सरासरी १० नॉटच्या (१ नॉट म्हणजे ताशी पावणेदोन-दोन किलोमीटर) किंवा झोत, म्हणजे काही सेकंदांपुरते चढणारे वारे, १५ नॉटच्या वर दिसले की मी कयाक गाडीच्या टपावरून काढतच नाही. पहिलंच वर्ष असेल तर ७ नॉटला थांबा.

मात्र हा आकडा कुठल्या वेळचा बघायचा, इथे बहुतेकांची चूक होते. सगळे निघायच्या वेळचा वारा बघतात. पहाटे सहाला वारा बहुधा पडलेलाच असतो, त्यात अंदाजाचं कौतुक ते काय! तुम्हाला हवा असतो तो परतायच्या वेळचा वारा, अकराचा किंवा बाराचा. तेव्हा खांदे दमलेले असतात, ऊन डोक्यावर असतं आणि किनारा समोर दिसत असूनही जवळ येत नसतो.

एकदा हिशेब करून बघा. सामान भरलेली मासेमारीची कयाक आरामात वल्हवली तर ३ नॉटने, म्हणजे ताशी साधारण साडेपाच किलोमीटरने जाते. ४ किलोमीटर आत गेलात तर पाऊण तासात परत. समोरून १५ नॉटचा वारा लागला की हा वेग सहज निम्म्यावर येतो. पाऊण तासाचा दीड तास होतो, आणि दम खायला थांबलात तर तेवढ्या वेळात वारा तुम्हाला मागे नेतो. म्हणून मी अंदाजाचा तक्ता उलटा वाचतो. आधी परतायची वेळ, मग निघायची.

नॉट, किलोमीटर, मीटर प्रति सेकंद... कशात बघू?

कशातही बघा, पण एकच धरा. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. मीटर प्रति सेकंदाचा आकडा दुप्पट केला की जवळजवळ नॉट मिळतात. फसगत होते ती इथेच. ॲप मीटर प्रति सेकंदावर असतं, ‘सहाच तर आहे’ म्हणत माणूस निघतो, आणि ते सहा म्हणजे जवळपास १२ नॉट असतात. सेटिंगमध्ये एकदा नॉट लावा आणि परत हात लावू नका.

अंदाजातला वारा म्हणजे नेमका कुठला वारा?

जमिनीपासून किंवा पाण्यापासून १० मीटर उंचीवरचा, आणि तोही सरासरी. ही जगभर पाळली जाणारी पद्धत आहे. सरासरी बहुतेक ठिकाणी १० मिनिटांची घेतात, काही देशांत कमी वेळाची. तुम्ही कयाकवर बसता तेव्हा तुमचं डोकंही पाण्यापासून मीटरभरच उंच असतं, आणि तिथे वारा जरा कमीच लागतो. पण हा फायदा हिशेबात धरू नका. झोत ही सवलत एका फटक्यात वसूल करतात.

मग सरासरी बघू की झोत?

दोन्ही, आणि त्याहून जास्त त्यांच्यातला फरक. झोत म्हणजे ॲपवरचा ‘गस्ट’, काही सेकंदांपुरता चढणारा वेग.

समजा शनिवारी सरासरी ९ आणि झोत ११ आहेत. रविवारी सरासरी ६ आणि झोत १६. रंग बघून जाणारा रविवार निवडेल. मी शनिवार निवडतो. एकसारखा वाहणारा ९ नॉटचा वारा कळतो, त्याच्याशी जुळवून घेता येतं. सहावरून अचानक सोळावर जाणारा वारा नेमका तुम्ही मासा उतरवायला एका बाजूला झुकलेले असताना येतो. शिवाय वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ८ चे १६ झाले तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. झोत सरासरीच्या दीडपटीहून जास्त दिसले की त्या दिवशी हवा अस्वस्थ आहे असं मी समजतो आणि सरासरीचा आकडा विसरून झोतांवरच निर्णय घेतो.

पाच ॲप बघितली, पाचही एकच सांगतात. आता तरी खात्री धरू?

पाच ॲप म्हणजे पाच अंदाज नव्हेत. ॲप स्वतः हवामान मोजत बसत नाही. कुठल्यातरी मोठ्या केंद्राच्या संगणकावर चाललेल्या मॉडेलचे आकडे उचलतं आणि त्यांना आपले रंग देतं. अमेरिकेचं जीएफएस सगळ्यांना फुकट मिळतं, म्हणून कितीतरी ॲप तेच दाखवतात. एकाच साक्षीदाराला पाच खिडक्यांतून विचारलं आणि पाचदा तेच उत्तर मिळालं, तर त्यात नवल नाही.

म्हणून ॲप मोजू नका, मॉडेल मोजा. युरोपीय मध्यम पल्ल्याच्या हवामान केंद्राचं ईसीएमडब्ल्यूएफ आहे, जर्मन हवामान खात्याचं आयकॉन आहे. विंडी किंवा विंडगुरूसारख्या ठिकाणी ही मॉडेलं एकाखाली एक लावून बघता येतात. तुमच्या भागासाठी एखादं बारीक जाळीचं स्थानिक मॉडेल असेल तर ते जरूर घ्या. काही देशांत १ ते ३ किलोमीटरच्या चौकटींची मॉडेलं चालतात, आणि किनाऱ्याचे वळसे, डोंगर, खाड्या त्यांना बऱ्यापैकी दिसतात. जीएफएसचे आकडे बहुतेक वेळा पाव अंशाच्या जाळीत मिळतात. विषुववृत्तावर ती चौकट सुमारे २८ किलोमीटरची होते. तुमची अख्खी खाडी तिच्या एका कोपऱ्यात मावते.

मॉडेलं जुळली नाहीत तर सरासरी काढायची नाही. एक ६ म्हणतं आणि दुसरं १६, तर खरा वारा ११ असेल असं मुळीच नाही. त्यांचं भांडण बहुधा वेळेवरून चाललेलं असतं. वारा सुटणार यावर दोघांचं एकमत, फक्त एक म्हणतं नऊला, दुसरं म्हणतं दोनला. अशा दिवशी मी नऊ धरतो, आणि आठला किनाऱ्याला लागता येत असेल तरच निघतो.

आणखी एक गोष्ट लोक बघतच नाहीत. अंदाज किती शिळा आहे? मोठी मॉडेलं दिवसातून ४ वेळा, यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या घड्याळाच्या ००, ०६, १२ आणि १८ वाजताच्या निरीक्षणांवरून चालवली जातात, आणि आकडे तुमच्यापर्यंत येईस्तोवर आणखी काही तास जातात. रात्री झोपताना एकदा बघा, पहाटे उठल्यावर परत बघा. शनिवार सकाळचा आकडा गुरुवारी ८ होता, शुक्रवारी सकाळी १० झाला, रात्री १२ झाला, असा एकाच दिशेने चढत असेल तर मी पुढच्या फेरीची वाट बघत नाही. गजर बंद करून झोपतो.

नकाशावर पिन कुठे टाकायची?

पाण्यात. हसू नका, निम्म्या चुका इथे होतात. लोक गावाचं नाव टाइप करतात आणि ॲप त्यांना गावातला वारा दाखवतं. मॉडेलच्या लेखी ती चौकट जमिनीची असते. तिथे झाडं, घरं, उंचवटे वाऱ्याला अडवतात, म्हणून आकडा कमी येतो. पिन उचलून २-३ किलोमीटर पाण्यात सरकवा. कित्येकदा ७ चे ११ झालेले दिसतात. दोन्हींत मोठी तफावत असेल तर पाण्यातला आकडा खरा माना.

मी तीन पिना ठेवतो. एक जिथे उतरतो तिथली, एक जिथे मासे मिळतात तिथली, आणि तिसरी वारा ज्या बाजूने यायचा असतो त्या बाजूला २०-३० किलोमीटर लांबची. तिसरीजवळ एखादा बोया, म्हणजे हवामान मोजणारा तरंगता पिंप, किंवा वेधशाळेचं केंद्र असेल तर सोन्याहून पिवळं. तिथे आत्ता मोजलेला वारा मिळतो. मोजलेला आकडा आणि त्याच तासाचा अंदाज शेजारी ठेवून बघा. पहाटे पाचलाच मॉडेल ४ नॉटने कमी सांगत असेल तर दहाला ते सुधारेल अशी आशा कशाला धरायची?

किती दिवस आधीच्या अंदाजावर भिस्त ठेवावी?

पाच दिवस आधी फक्त सुट्टी टाकायची की नाही एवढं ठरवा. दोन दिवस आधी जागा ठरवा. जायचं की नाही ते त्याच दिवशी पहाटे.

काही ठिकाणी ‘एन्सेम्बल’ नावाचा पर्याय दिसतो. त्यात एकच मॉडेल सुरुवातीची परिस्थिती किंचित बदलून अनेकदा चालवतात. ईसीएमडब्ल्यूएफ अशा ५० च्या आसपास फेऱ्या करतं. सगळ्या रेघा एकमेकींना चिकटून चालल्या असतील तर अंदाज पक्का. शनिवारपाशी त्या झाडूसारख्या फिसकटल्या असतील तर त्या दिवसाबद्दल खुद्द मॉडेलच साशंक आहे.

अंदाज १५ नॉटचा होता, पण पहाटे पाणी आरशासारखं आहे. अंदाज चुकला ना?

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

निरभ्र रात्री जमीन थंड होते आणि तिला टेकलेली हवाही थंड होते. ही थंड, जड हवा खाली गादीसारखी पसरते. वर काहीशे मीटरवर जोराचा वारा चालू असतो, पण या गादीमुळे तो खाली पोहोचत नाही. खाली तुम्हाला पान हलताना दिसत नाही, आणि वाटतं वारा नाहीच. वारा आहे. फक्त वरच्या मजल्यावर आहे.

सूर्य वर आला की जमीन तापते, गादी विरघळू लागते, खालची हवा वर आणि वरची खाली अशी घुसळण सुरू होते. मग दोन-तीन तासांत वरचा वारा खाली उतरतो, आणि उतरताना सरळ येत नाही, झोतांनी येतो. आठला आरसा, साडेनऊला पांढरे तुरे. बघणाऱ्याला वाटतं वारा कुठूनतरी अचानक आला.

हे आधी कळू शकतं. ज्या ॲपमध्ये उंची बदलता येते तिथे ९२५ हेक्टोपास्कलचा (हे हवेच्या दाबाचं माप) थर लावा. तो साधारण ७५० मीटर उंचीवर असतो. तिथे पहाटे २० नॉट आणि खाली ३ नॉट दिसत असतील, आणि दिवस उन्हाचा असेल, तर त्या विसातला मोठा वाटा तुमच्या अंगावर येणार आहे. वरही ६-७ नॉटच असतील तर निर्धास्त जा. मला हे कळायला चार वर्षं लागली. तोवर मी दर वेळी मॉडेलला शिव्या द्यायचो.

जमिनीने वेढलेल्या पाण्यावर, म्हणजे तलावात, खाडीत आणि किनाऱ्यालगत हे जास्त जाणवतं. दूर समुद्रात पाण्याचं तापमान दिवस-रात्र फारसं बदलत नाही, त्यामुळे ही घुसळणही तितकी नसते. पूर्ण ढगाळ दिवशीही ती मंद असते.

खारे वारे अंदाजात दिसतात का?

अर्धवट दिसतात. शाळेत शिकलेलं आठवा. दिवसा जमीन लवकर तापते आणि समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री उलट होऊन जमिनीवरून मतलई वारे जातात. हा सगळा खेळ किनाऱ्याच्या पट्ट्यात चालतो. मोठ्या चौकटींची मॉडेलं त्याचा जोर कमी दाखवतात किंवा वेळ चुकवतात.

ओळखायची युक्ती सोपी आहे. आकाश स्वच्छ, मुख्य वारा मंद, जमीन चांगलीच तापणार आणि पाणी गार. हे जुळलं की अंदाजात ६ नॉट असले तरी दुपारी मी १२ धरतो. खारा वारा किनाऱ्याकडे ढकलतो, त्यामुळे परत येणं सोपं वाटतं. पण त्याच वाऱ्याने किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटाही वाढलेल्या असतात, आणि कयाक उलटते ती बहुधा तिथे, शेवटच्या ३० मीटरमध्ये, सगळं सामान मोकळं ठेवलेलं असताना.

वाऱ्याच्या दिशेने एवढा काय फरक पडतो?

माझ्या वहीतलं एक पान सांगतो. अंदाज ८ नॉट, झोत १३, वारा जमिनीकडून पाण्याकडे. किनाऱ्यावर उभा होतो तर पाणी गुळगुळीत. मागे झाडांची रांग आणि टेकडी, वाऱ्याचा पत्ता नाही. पंधरा मिनिटांत बरंच अंतर बाहेर गेलो आणि स्वतःवर खूश झालो, आज हात चांगले चालतायत म्हणून. हात नव्हते चालत, वारा ढकलत होता. दोन मासे मिळाले, तिसऱ्याशी झटापट चालू असताना मान वर केली तर किनाऱ्यावरची माणसं ठिपके झाली होती. परत फिरलो तेव्हा कळलं की आपण टेकडीच्या आडोशातून कधीच बाहेर पडलोय. जाताना लागलेली १५ मिनिटं, येताना लागलेला एक तास दहा मिनिटं. पॅडल उचललं की पातं वाऱ्यात पतंगासारखं फडफडायचं. शेवटचे दोनशे मीटर, परत आडोशात आल्यावर, पाणी पुन्हा गुळगुळीत. किनाऱ्यावर बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, “एवढे दमलात कशाने?”

जमिनीकडून सुटलेल्या वाऱ्याचा फसवेपणा हा असा आहे. काठाला लाट दिसत नाही, कारण लाट व्हायला वाऱ्याला मोकळं पाणी लागतं, आणि काठापाशी ते नसतं. जसजसे बाहेर जाल तसतसं मोकळं पाणी वाढतं आणि लाटही वाढते. शिवाय तुमची पाठ वाऱ्याकडे असते. पाठीवरचा वारा निम्माच जाणवतो, कारण तुम्ही त्याच्याच बरोबर पळत असता. अशा दिवशी माझी मर्यादा ६ नॉट आहे आणि मी काठापासून ३०० मीटरच्या पुढे जात नाही.

पाण्याकडून किनाऱ्याकडे येणारा वारा त्रास देतो, पण निदान घरी आणून सोडतो. किनाऱ्याला समांतर वारा असेल तर आधी वाऱ्याच्या तोंडावर वल्हवत जा आणि येताना त्याच्या पाठीवर बसून या. दमछाक सकाळी होऊ दे.

तक्त्यात आणखी एक खूण शोधा. एका रकान्यातून दुसऱ्यात जाताना दिशा एकदम ९० अंशांनी बदलत असेल, तर तिथून हवेची एखादी सीमा सरकतेय. ती वेळ घड्याळासारखी पाळली जात नाही. दोन तास अलीकडे-पलीकडे धरून चाला, आणि त्या टप्प्यात झोत अंदाजापेक्षा जास्तच येणार असं समजा.

बाण उलटे का दिसतात?

वाऱ्याचं नाव तो जिथून येतो त्यावरून पडतं. पश्चिमेचा वारा पश्चिमेकडून येतो. बाण मात्र तो जिकडे जातो तिकडे टोक करून दाखवतात. काही नकाशांवर बाणाऐवजी पिसं लावलेली काडी असते. अर्धं पीस ५ नॉट, पूर्ण पीस १० नॉट, त्रिकोणी झेंडा ५० नॉट. पिसं काडीच्या ज्या टोकाला, तिकडून वारा. झेंडा दिसला तर फोन ठेवून द्या.

भरती-ओहोटीचा वाऱ्याशी काय संबंध?

वारा आणि पाण्याची ओढ एकाच दिशेला असतील तर लाटा पसरट राहतात. एकमेकांविरुद्ध आले की त्याच लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि एक ओसरायच्या आत दुसरी येते. वारा तोच, १० नॉट, पण ओहोटी लागली की अर्ध्या तासात पाण्याचा चेहरा बदलतो. खाडीच्या मुखाशी, पुलाच्या खांबांत आणि भूशिरापाशी हे सगळ्यात वाईट असतं.

म्हणून भरती-ओहोटीचा तक्ता वाऱ्याच्या तक्त्याशेजारी ठेवा. उधाणाच्या दिवसांत, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, ओढ जास्त असते. भांगाच्या दिवसांत कमी. परतायच्या तासाला ओहोटी आत येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर जात असेल तर मी तो तास टाळतो, भले वारा माझ्या मर्यादेत असो.

मी तलावातच जातो. तिथेही एवढं बघायचं?

लाटेची उंची कमी असते हे खरं. पण ती फार आखूड असते, आणि कयाकला आखूड लाट जास्त छळते. लांबट तलावात वारा लांबीच्या दिशेने असेल तर दूरच्या टोकाला बऱ्यापैकी लाटा तयार होतात. दोन डोंगरांच्या मधला तलाव वाऱ्याला नळीसारखा आवळतो आणि वेग वाढवतो. मॉडेलला तो डोंगर दिसतच नसतो. उलट दाट झाडी असेल तर तिच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत चांगला आडोसा मिळतो. १५ मीटरची झाडं, १५० मीटर शांत पाणी. नवख्यांनी तेवढ्याच पट्ट्यात मासेमारी करावी.

गडगडाटी ढगांचा वारा अंदाजात येतो का?

भरवशाने नाही. अशा ढगातून पावसाबरोबर गार हवा कोसळते आणि जमिनीला आपटून चहूकडे पसरते. हा झोत ढगाच्या कित्येक किलोमीटर पुढे धावतो. ५ नॉटचे ३५ व्हायला दोन मिनिटं पुरतात. सरासरी वाऱ्याच्या तक्त्यात त्याचा मागमूसही नसतो. तो शोधायचा तर वादळाची शक्यता आणि रडार बघा.

पाण्यावर असताना हवा एकदम गार झाली, वास बदलला, ढगाखाली लांब काळी कड दिसली, तर गळ गुंडाळत बसू नका, दोर कापा. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा आणि तिनाने भागा, तेवढे किलोमीटर अंतर. ३० सेकंद, म्हणजे १० किलोमीटर, यापेक्षा कमी आलं तर तुम्ही आधीच उशीर केलाय. हातातला कार्बनचा रॉड वीज चांगली वाहून नेतो.

माझी पेडलवाली कयाक आहे, छोटी मोटरही आहे. मग १५ नॉट चालतील?

पाय हातांपेक्षा उशिरा दमतात, एवढी सूट घ्या. पण पेडलवाल्या कयाकची खुर्ची उंच, अंग रुंद, वर रॉड, पेट्या, कॅमेऱ्याचा दांडा. हे सगळं वाऱ्याला शीडच आहे. पात्यांत शेवाळ अडकतं, पिन तुटते, बॅटरी संपते. मी एकच कसोटी लावतो. नुसत्या पॅडलने या वाऱ्यात परत येता येईल का? याचं उत्तर घरी बसून द्यायचं नाही. काठाजवळ, १० नॉटच्या वाऱ्यात, पेडल वर उचलून अर्धा तास वल्हवून बघा.

पाण्यावर पोहोचल्यावर अंदाज बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस ब्यूफर्टने १८०५ च्या सुमारास वाऱ्याची जी मोजपट्टी बसवली, ती आजही डोळ्यांनी वापरता येते. नुसते तरंग, त्यांचे माथे काचेसारखे आणि न फुटणारे, तर वारा ४ ते ६ नॉट. कुठे कुठे एखादा पांढरा तुरा दिसू लागला की ७ ते १०. तुरे बऱ्यापैकी वारंवार दिसले की ११ ते १६. सगळीकडे पांढरं आणि तुषार उडायला लागले की १७ च्या पुढे.

मी उतरण्याआधी १० मिनिटं काहीच करत नाही, फक्त बघतो. सगळ्यात उघड्या भागाकडे बघायचं, पायाजवळच्या पाण्याकडे नाही. पाण्यावरून गडद डाग सरकताना दिसले तर ते झोत आहेत. दोन डागांमधला वेळ मोजा. अंदाज ६ चा आणि बाहेर तुरे दिसतायत, तर वाद घालायचा नाही. अंदाज हरला.

मग वारा अजिबात नसलेला दिवस सगळ्यात चांगला?

कयाकला चांगला, माशाला नाही. आरशासारख्या पाण्यात मासा सावलीलाही बुजतो. ५ ते ८ नॉटच्या वाऱ्यात पृष्ठभाग मोडतो, खाद्य वाऱ्याच्या दिशेच्या काठाकडे ढकललं जातं, मागोमाग लहान मासे आणि त्यांच्यामागे मोठे. कधी पाण्यावर वाऱ्याच्या दिशेने फेसाच्या समांतर रेघा दिसतात. अर्विंग लँगम्युर या शास्त्रज्ञाने १९३८ मध्ये त्यांचं कारण मांडलं. वाऱ्यामुळे पाणी लांबट वेटोळ्यांत फिरतं आणि जिथे दोन वेटोळी खाली वळतात तिथे तरंगणारं सगळं गोळा होतं. त्या रेघेच्या कडेने आमिष ओढून बघा. म्हणजे आपल्याला थोडा वारा हवाच असतो, आणि मर्यादा ओलांडायचा मोहही त्याच्यामुळेच होतो. मासा लागायला लागला की कुणीही तुरे मोजत नाही.

गेलो आणि वारा वाढला. आता?

लाइफ जॅकेट अंगात आहे ना, हे आधी. मग रॉड आडवे करून बांधा. सरळ घरच्या दिशेने भांडत बसू नका. जवळचा आडोसा शोधा, काठाला लागा, गाडी नंतर चालत जाऊन आणता येते. लाट बाजूने अंगावर घेऊ नका, तिला थोडं तिरकं कापा. पॅडल खाली धरा, छोटे आणि भराभर हात मारा. नांगर कधीही कयाकच्या मध्यावरून टाकू नका. पुढच्या किंवा मागच्या टोकावरूनच टाका आणि सुरी हाताशी ठेवा. पुढे जाणं जमतच नसेल तर वेळेत मदत मागा. वॉटरप्रूफ पिशवीतला फोन अंगावर हवा, पेटीत नको.

वहीत नेमकं काय लिहिता?

एका सहलीला एक ओळ. दोन मॉडेलांचे परतायच्या तासाचे आकडे, दिशा, प्रत्यक्षात डोळ्यांना दिसलेला वारा, तो सुटल्याची वेळ. वीसेक ओळी झाल्या की तुमच्या पाण्याची खोड दिसायला लागते. माझ्या नेहमीच्या जागी आग्नेयेचा वारा असला की दोन्ही मॉडेलं ४ नॉटने कमी सांगतात. उत्तरेचा असला की जास्त सांगतात, कारण मध्ये टेकडी आहे. हे कुठल्याच ॲपमध्ये मिळालं नसतं.

अंदाज वाईट होता म्हणून गेलो नाही, आणि दिवसभर वारा सुटलाच नाही. दिवस फुकट गेला ना?

गेला. माझेही जातात, वर्षाला पाच-सहा तरी. चडफडून झालं की मी वही काढतो आणि त्या दिवसाची ओळही लिहितो. अंदाज १४, प्रत्यक्ष ५, आकाश पूर्ण ढगाळ, ९२५ वर १८. पुढच्या वेळी तसेच ढग दिसले तर ते पान उघडता येतं.